कानाजवळ थांबलेली मूठ

पहिल्या चित्रपटात अस्वलाने मधाच्या पोळ्यासाठी माकडाला असे काही बुकलले, की सारे सभागृह हसू लागले. माकड खडकावर आपटून चपटे होई, पुन्हा टम्म फुगे आणि पुन्हा अस्वलापुढे जाऊन उभे राही. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मी मागे वळून पाहिले. शिट्ट्या थांबल्या.

मी गजराबाई सरनोबत. कोल्हापुरात मला आक्कासाहेब म्हणतात. मी मागे वळून पाहिले की आवाज थांबतात, हे आज सत्त्याऐंशीव्या वर्षीही खरे आहे. त्या दुपारी मी वीस वर्षांनी तरुण होते आणि पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. माझ्या उजव्या हाताला माझे धाकटे दीर हिंदूराव बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, डोक्याला गुलाबी फेटा.

"पोरीनं नाव काढलं हां, वहिनीसाहेब," ते माझ्या कानाशी लागले. "कागदावरचं अस्वल, पण काय ताकद आहे बघा!"

पोरगी म्हणजे माझी थोरली लेक कुमुद. ती ॲनिमेशनचे चित्रपट करते. हा काय प्रकार आहे तो तिने मला एकदाच समजावून सांगितला होता. डोळ्यांपुढून एक क्षण सरकवायचा तर चोवीस चित्रे लागतात, आणि ती सगळी ती स्वतः काढते. तिच्या हाताखाली माणसे नाहीत आणि डोक्यावर मालकही नाही. जाहिरातवाल्यांनी बोलावले, ती गेली नाही. लग्नाचे विचारले, तर "कागद सुकायचेत" म्हणाली. मुंबईतल्या दोन खोल्यांत तिने आयुष्य घालवले, आणि त्या आयुष्याचे सात लहान चित्रपट झाले. ते कुठल्या कुठल्या देशांत दाखवले गेले, तिला मानपत्रे मिळाली. शेवटी कोल्हापुरात ॲनिमेशन चित्रपटांचा महोत्सव भरला, तेव्हा नाडगौडा नावाचे संयोजक आमच्या घरी आले आणि म्हणाले, "आक्कासाहेब, कुमुदताईंचे सातही चित्रपट ओळीने दाखवायचे आहेत. असं आजवर कुठंच झालेलं नाही. सातवा तर कुणीच पाहिलेला नाही."

मला अभिमान वाटला. मी तो लपवला नाही. लपवावा असे मी आयुष्यात फारसे काही केलेले नाही.

हिंदूरावांचा उत्साह तर माझ्याहून मोठा होता. "सरनोबतांच्या पोरीचा कार्यक्रम आणि खुर्च्या रिकाम्या? होणार नाही," असे म्हणून त्यांनी आमच्या तालमीतले झाडून सगळे पैलवान, जुने आणि नवे, सभागृहात आणून बसवले. फेटे बांधलेल्या, कान चुरगळलेल्या त्या माणसांच्या मांड्या खुर्च्यांत मावत नव्हत्या. त्यांच्या पुढे, कडेच्या खुर्चीवर, ग्यानबा वस्ताद होते. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ. आमच्या तालमीत दोन पिढ्या त्यांनी घडवल्या. हिंदूरावांना त्यांनीच घडवले आणि स्वतःचा मुलगा ज्योतिराम, त्यालाही. ज्योतिराम विशीत गेला. एका दुपारी कुस्तीच्या मातीच्या हौद्यात एकटाच मानेचा व्यायाम करत होता, तोल गेला आणि मान मोडली. हिंदूरावांनीच त्याला खांद्यावर घालून बाहेर आणले होते. तेव्हापासून दर वर्षी ते ज्योतिरामच्या नावाने कुस्त्यांचे मैदान भरवत, आणि त्या मैदानात पहिला फेटा वस्तादांच्या डोक्याला स्वतःच्या हाताने बांधत. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस म्हणून गाव त्यांच्याकडे बोट दाखवी. मीही दाखवी.

दुसऱ्या चित्रपटात एक धोबी होता, चिंध्यांच्या तुकड्यांचा केलेला. तो दगडावर कपडे आपटी आणि आपटता आपटता कपड्यांतून रक्तासारखा लाल रंग निथळू लागे. तिसरा काचेवर पसरलेल्या वाळूचा होता, कोंबड्यांची झुंज. वाळूच्याच चोची, वाळूचेच रक्त. एका कोंबड्याने पंख उचलला. पंख तुऱ्याजवळ जाऊन थबकला, आणि मग खाली आला.

मी खुर्चीत पुढे सरकले.

ते थबकणे मी ओळखत होते. मी लग्न होऊन सरनोबतांच्या घरात आले तेव्हा हिंदूराव सहा वर्षांचे होते. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याच महिन्यात ते घोड्यावरून पडले आणि डावा कोपर निखळला. हाडवैद्याने तो बसवला तेव्हा मी पोराला मांडीत आवळून धरले होते. कोपर बसला, पण पुन्हा कधी पूर्ण उघडला नाही. डाव्या हाताने ठोसा मारायचा तर हिंदूराव मूठ कानाजवळ नेत आणि क्षणभर थांबत, जणू कोणी काही सांगते आहे ते ऐकावे. कोपरातून जोर निघत नसे म्हणून तो खांद्यातून गोळा करावा लागे. मग मूठ खाली येई. पंचक्रोशीत तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

अस्वलाचा हात तसाच उचलला गेला होता. धोब्याचाही.

मध्यंतर झाले तशी मी उठले आणि रंगमंचामागच्या बोळात कुमुदला गाठले. आखूड कापलेले केस, साधी सुती साडी, बोटांच्या पेरांत मुरलेला कोळसा.

"आईसाहेब, कसं वाटलं?"

"ते मागनं. आधी हे सांग, धाकट्या काकांच्या हाताची टिंगल कशाला केलीस?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"कुठं दिसला तुम्हाला?"

"अस्वलात दिसला, धोब्यात दिसला, आता कोंबड्यात दिसला. माझे डोळे अजून शाबूत आहेत. ज्या माणसानं तुला खांद्यावर बसवून जोतिबा दाखवला, त्याच्या व्यंगावर गावाला हसवतेस? ही सरनोबतांची रीत नव्हे."

ती भिंतीला टेकली. हसते आहे की रडते आहे ते मला कळेना.

"एवढी वर्षं झाली, आईसाहेब. परदेशात मोठमोठ्या माणसांनी हे सिनेमे बघितले. त्यावर लेख लिहिले. कुणालाच दिसला नाही. एकेक सुटा बघितला की नुसतं अस्वल दिसतं, नुसता धोबी दिसतो. मला वाटायला लागलं होतं, की मी फारच चांगलं लपवते."

"लपवतेस कसली? सरळ वेडावून दाखवतेस."

"वेडावत नाही."

"मग काय करतेस?"

"शेवटचा बघा. त्यात मी काही लपवलेलं नाही. मग मला मारायचं तर मारा."

"मी तुला कधी बोट लावलंय?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

आणि ती निघून गेली. मी जागेवर परत आले. हिंदूरावांनी माझ्या हातावर वेलदोडे ठेवले.

"काय म्हणतात कलाकार?"

"काही नाही. दमली आहे."

पुढच्या चित्रपटात लोहार आला. काळा, आडवातिडवा, डोक्यापेक्षा हात मोठे. ऐरणीवरचे तापलेले लोखंड त्याला शिव्या देत होते आणि तो त्याला ठोकत होता. त्याने डाव्या हाताने घण उचलला, कानाजवळ नेला, थांबला.

मागून दबका आवाज आला, "आरं, ह्यो मालकांचा हात न्हवं?"

"गप रं."

"गप काय? बग की कोपर! अगदी मालकच!"

"व्हय की! लेका, मालकांवर शिनेमा काढलाय पोरीनं!"

आणि एकाएकी सगळ्या रांगांतून हशा उसळला. तो प्रेमाचा हशा होता. पैलवानांना वाटले, पुतणीने काकांचा मान केला आहे. पाचव्या चित्रपटात कठपुतळ्यांचा राजा आपल्या प्रधानाला बडवताना मूठ कानाजवळ नेऊन थबकला, तेव्हा तर "मालक! मालक!" असा गजरच झाला. हिंदूरावांनाही आता दिसले होते. ते मोठ्याने हसले. त्यांचे डोळे ओले झाले.

"वहिनीसाहेब, बघा की! माझ्या हाताला सिनेमात घातलाय पोरीनं!"

ते उठले, मागे वळले आणि आपला डावा हात उचलून, मूठ कानाजवळ नेऊन, क्षणभर थांबवून दाखवली. सभागृह टाळ्यांनी दणाणले. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटले, मीच उगाच वाकड्यात शिरले. उद्या पोरीला गोड जेवण घालावे, असे मी मनाशी ठरवलेसुद्धा.

सहावा संपला. मग सातवा सुरू झाला.

त्यात रंग नव्हता, जनावरे नव्हती, संगीतही नव्हते. कोळशाने काढलेला तालमीचा हौदा, वर एक झरोका आणि त्यातून पडलेला उजेड. दोन पैलवान. तोंडे नव्हती त्यांना. कुमुदने हा सगळा चित्रपट एकाच कागदावर केला होता. रेघ काढायची, तिचा फोटो घ्यायचा, पुसायची, थोडी पुढे सरकवून पुन्हा काढायची. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. त्यामुळे माणूस जिथून हलला तिथे त्याचा करडा डाग राहत होता, आणि जुन्या डागांच्या गर्दीतून ते दोघे झुंजत होते.

मागचे पैलवान पुढे सरसावले. आता कुठे त्यांच्या ओळखीचे काही सुरू झाले होते.

"पट काढला बग!"

"सुटला, सुटला!"

धाकटा चपळ होता. थोरल्याने त्याला कोपऱ्यात दाबला, तो पाण्यासारखा निसटला. मग तो वळला, थोरल्याचा हात खांद्यावरून ओढला, आणि असा उचलून आपटला की पडद्यावरची माती आमच्या तोंडावर उडेल असे वाटले.

"चीतपट!" सभागृह ओरडले.

थोरला पाठीवर पडला होता. त्याचे दोन्ही हात पसरलेले होते. उजवा मातीला टेकला होता. डाव्याचा कोपर टेकला नव्हता. तो वाकडा, वर उचललेलाच राहिला होता.

आरोळी अर्ध्यात तुटली.

पडद्यावरच्या धाकट्याने हात पुढे केला. थोरल्याने तो धरला आणि उठला. धाकटा वाकला, कपाळाला लावायला मातीची चिमूट घेऊ लागला. त्याची मान उघडी होती. त्याच्या मागे थोरल्याची मूठ वर गेली. कानाजवळ गेली. थांबली.

ती फार वेळ थांबली. इतर सहा चित्रपटांत मिळून थांबली नसेल इतकी.

"ज्योत्या, मागं बघ!"

ग्यानबा वस्ताद उभे राहिले होते. दोन्ही हात पुढे केलेले, डोळे पडद्यावर.

"ज्योत्या! मागं बघ रं, बाळा!"

मूठ खाली आली.

मी हिंदूरावांकडे पाहिले. त्यांची खुर्ची रिकामी होती. ते रंगमंचावर चढत होते. पडद्यापुढे उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "बंद करा! बंद करा म्हणतो ना!" चित्र त्यांच्या सदऱ्यावर आणि फेट्यावर पडत होते. कोळशाची माणसे त्यांच्या छातीवर झुंजत होती.

नाडगौडा धावले. "साहेब, कृपा करून खाली—" हिंदूरावांनी त्यांना गळ्याला धरून उचलले आणि बाजूच्या टेबलावर भिरकावले. टेबल मोडले. पाण्याचा जग फुटला. नाडगौडांच्या डोक्यातून रक्त आले आणि ते तिथेच बसून राहिले.

कुमुद कडेच्या पायऱ्यांनी वर आली.

"काका, बाजूला व्हा. अजून संपलेला नाही."

"कुणी सांगितलं तुला? कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. मी झरोक्यात होते."

"खोटं! तालमीत बाईमाणसाची सावली पडत नाही."

"म्हणून तर कुणी वर बघितलं नाही," कुमुद म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "आपल्या धान्याच्या खोलीतल्या झरोक्यातून हौदा दिसतो, काका. मी रोज यायची. कुस्ती बघायला. दहा वर्षांची होते. ज्योतिरामनं तुम्हाला हात दिला, तो मी बघितला. पुढचंही बघितलं."

दहाव्या वर्षी कुमुदची वाचा गेली होती. वर्षभर पोरीच्या तोंडातून शब्द आला नाही. आम्ही तेव्हा आलेल्या तापावर बोट ठेवले, डॉक्टर केले, नवस केले. ती दिवसभर पाटीवर काहीबाही काढी, पुसे, पुन्हा काढी. पुढे तिला बोलता येऊ लागले, तोवर गावात ज्योतिरामच्या नावाचे मैदान भरू लागले होते. हे सगळे त्या एका क्षणात माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले, आणि माझे पाय जमिनीला खिळले. असे माझ्या बाबतीत ना आधी घडले होते, ना नंतर.

हिंदूरावांनी डावा हात उचलला. मूठ कानाजवळ गेली. थांबली.

सगळ्यांनी ते पाहिले. अस्वलाला पाहून हसलेल्या, लोहाराला पाहून जयजयकार केलेल्या प्रत्येक माणसाने पाहिले.

कुमुदने तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. मनगट मोडल्याचा आवाज मी पहिल्या रांगेत ऐकला. त्या हाताने तिने पुन्हा कधी कोळसा धरला नाही. आता ती डाव्याने काढते, आणि तिची रेघ पूर्वीपेक्षा राकट झाली आहे असे जाणकार सांगतात. दुसरा ठोसा तोंडावर बसला. ती पडली. तो तिच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. एक, मग आणखी एक. फेटा सुटून त्याच्या गळ्यात लोंबत होता.

"धरा त्याला," मी म्हणाले.

कोणी हलले नाही. एवढी दांडगी माणसे खुर्च्या घट्ट धरून उभी होती. मालकाच्या अंगाला हात कसा लावायचा, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"माझ्याकडं बघा!" मी मागे वळले. "तालमीतलं दूध माझ्या गोठ्यातनं येतं. तुम्ही खाल्लेला खुराक माझा आहे, ह्याचा नाही. माझी लेक मरते आहे. धरा त्याला!"

तेव्हा ते हलले. खुर्च्या मोडत, एकमेकांना ढकलत ते रंगमंचावर चढले. हिंदूराव अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण पैलवान होता. त्याने पहिल्याचे नाक फोडले. दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. तिसऱ्याच्या हाताला तो चावला. मग एकाने पायांत घुसून त्याचा पट काढला, दोघे छातीवर पडले, आणि फळ्यांवर त्याची पाठ आपटल्याचा आवाज झाला. त्याचे तोंड रक्ताने भरले होते.

पडद्यावरचे चित्र लटपटले. यंत्र चालवणारा बहुधा पळण्याच्या बेतात होता.

"चालू राहू दे!" मी मागे वर, यंत्राच्या खोलीच्या झडपेकडे पाहून ओरडले. "थांबवलंस तर याद राख. आणि ह्याचं तोंड पडद्याकडं करा."

मी रंगमंचावर चढले. कुमुदचे डोके मांडीवर घेतले, पदर तिच्या तोंडाला लावला. तशीच बसून मी माझ्या लेकीचा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. मानेवर गुडघा. हनुवटीखाली घातलेला हात. मान इतकी वळते की ज्या बाजूला वळायची नाही त्या बाजूला जाते. टाचा माती उकरतात, मग उकरत नाहीत. मग थोरला ते शरीर ओढत भिंतीशी नेतो, डोके खाली आणि पाय वर असे लावून ठेवतो, जणू मानेचा व्यायाम करताना घसरावे. ते पुन्हापुन्हा कलंडते. तो पुन्हापुन्हा लावतो. मग खाली बसतो आणि रडू लागतो. आणि हौद्याच्या मध्यावर, जिथे धाकट्याने त्याला हात दिला होता, तिथे करडा डाग तसाच उभा राहतो. पुसला जात नाही.

दिवे लागले.

हिंदूरावाच्या हातापायांवर पैलवान बसले होते. मानेवर गुडघा ग्यानबा वस्तादांचा होता. ते कधी वर आले, कोणी पाहिले नाही. त्या म्हाताऱ्या गुडघ्याखाली हिंदूरावाचा चेहरा जांभळा पडत चालला होता.

"हा कोपर मी चोळलाय," वस्ताद कोणालाच उद्देशून बोलत नव्हते. "तेल लावून, ऊन पाण्यानं शेकून. माझ्या ज्योत्याच्या आधी हा चोळायचा, आन् मग ज्योत्याला बोलवायचा. फेटा बांधायचा हा मला. वर्साला फेटा बांधायचा, आन् मी वाकून बांधून घ्यायचो."

"वस्ताद," हिंदूराव घरघरला.

"का मारलास?"

"वस्ताद, श्वास..."

"का मारलास, ते सांग!"

वस्तादांनी गुडघा जरासा उचलला. हिंदूरावाने श्वास घेतला. त्याने वस्तादांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"त्यानं हात पुढं केला, वहिनीसाहेब. मला उठवायला." तो लहान मुलासारखा बोलत होता. "दुधवाल्याची पोरं बरोबर खेळायची त्याच्या. मला चीत केल्याचं सगळ्यांना सांगितलं असतं त्यानं. पुढच्या महिन्यात माझी मोठी कुस्ती होती. मी त्याला हात देऊ दिला, आणि उठलो, आणि मग..."

"तो कुणालाच बोलला नसता," वस्ताद म्हणाले. "तालमीतलं भाईर सांगायचं न्हाई, हे मीच शिकिवलं हुतं त्याला."

मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "आक्कासाहेब, तुमचा शबूद. बोला नुस्तं. ह्याची मान माझ्या गुडघ्याखाली हाय."

सभागृहातले सगळे माझ्याकडे पाहत होते. हिंदूरावाच्या अंगावर बसलेल्या पैलवानांनी मागे वळून पाहिले. त्यांच्यातल्या एकानेही वस्तादांना अडवले नसते, आणि पुढे पोलिसांत एकानेही तोंड उघडले नसते. मी नुसती मान हलवायचा अवकाश होता. मी खोटे बोलत नाही. माझी मान हलायला निघाली होती.

कुमुदने माझा पदर तोंडावरून बाजूला केला. दात रक्ताने माखलेले.

"आईसाहेब," ती म्हणाली, "ह्याच्या पुढचं मला कधी काढताच आलं नाही."

मी तिचे डोके अलगद खाली ठेवले आणि उभी राहिले.

"वस्ताद, गुडघा काढा."

"आक्कासाहेब—"

"त्याची पाठ टेकली आहे, वस्ताद. डोळ्यांनी बघा. पाठ टेकलेल्या माणसावर तुमच्या तालमीत कुणी हात टाकतं का?"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा जबडा हलत होता. मग त्यांनी हिंदूरावाच्या फळ्यांना टेकलेल्या दोन्ही खांद्यांकडे पाहिले, आणि गुडघा काढला. पैलवानांनीही हात काढून घेतले. वस्ताद बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलू लागले. त्यांच्याजवळ जायचे धाडस कोणी केले नाही.

हिंदूराव तसाच पडून होता. त्याने डावा हात माझ्याकडे केला. जितका उघडत होता तितका.

"वहिनीसाहेब. हात द्या."

मी त्याला दात येण्यापूर्वी पाहिला नव्हता, पण त्याचे दुधाचे दात मी छपरावर फेकले आहेत. त्याच्या लग्नात त्याच्या आईच्या जागी मी उभी होते. त्याच्या पहिल्या कुस्तीला त्याच्या कपाळी गुलाल मी लावला होता. तो हात तिथे, माझ्यापासून वीतभर अंतरावर, तसाच राहिला.

मी हात दिला नाही.

"आपला आपण ऊठ," मी म्हणाले. "चौकीपर्यंत चालत जायचं आहे. तू पुढं, आणि तुझ्या मागं मी. आत्ता जे बोललास ते तिथं तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी परतणार नाही. ऊठ."

तो कुशीवर वळला. एक तळवा फळीवर टेकवला, तो रक्तावरून घसरला. पुन्हा टेकवला. पैलवान बाजूला सरकून दोन ओळींत उभे राहिले. कोणीतरी कुमुदसाठी गाडी आणायला धावले. गुडघ्यांवर येऊन त्याने खाली मान घातली आणि तसाच राहिला.

आम्ही थांबलो. त्याला उठायला फार वेळ लागला.